चार नावांची यादी

करिष्माला कंपनीत लावलं ते कुसुमनेच. ही गोष्ट पुढे तीन वर्षं ती स्वतःला सांगत राहिली. आधी अभिमानाने सांगायची, नंतर दात-ओठ खाऊन.

बुटीबोरीच्या त्या कंपनीत चादरी आणि उशांचे अभ्रे बनत. कुसुमला तिथे सतरा वर्षं झाली होती आणि सतराही वर्षं चेकिंगच्या टेबलावर गेली होती. सकाळी नागपुरातल्या नंदनवन भागातून कंपनीची बस पकडायची, आठ तास उभं राहून कापड तपासायचं, संध्याकाळी परतायचं. कुठे धागा तुटला आहे, कुठे गाठ आली आहे, कुठे तेलाचा डाग पडला आहे ते शोधून तिथे लाल बाण चिकटवायचा, एवढंच काम. पण ते कुसुमसारखं कोणाला जमत नसे. नवीन मुलगी आली की तिला कुसुमताईंच्या हाताखाली द्यायचं, असा रिवाजच पडला होता.

२०२२ च्या दिवाळीनंतर मारोतराव तिच्या घरी आले. ते तिच्या माहेरचे, कुहीजवळच्या गावातले, नात्याने लांबचे भाऊ. सोबत मुलगी होती, एकवीस वर्षांची, उंच, मान खाली घालून बसलेली.

"कुसुम, हे करिष्मा. बारावी झाली, कॉम्प्युटर शिकली. मी म्हटलं लग्न करून टाकू, तर म्हणते नोकरी पाहिजे," मारोतराव म्हणाले. "मी तिले कबूल केलं आहे. नोकरी आहे तोवर लग्नाचं नाव काढत नाही. आता तू पाह्य काही जमते काय."

कुसुमने जमवलं. करिष्माने बुटीबोरीत दोन मुलींबरोबर खोली घेतली आणि कुसुमच्या टेबलावर उभी राहायला लागली. आत्या, आत्या म्हणत मागे मागे असायची. कुसुमने तिला सगळं दिलं. उजेड कुठून पडायला हवा, कापड कोणत्या वेगाने ओढायचं, दुपारी डोळे जड होतात तेव्हा काय करायचं. आणि जे कुणालाच नीट शिकवलं नव्हतं तेही दिलं.

"डोळ्यावर भरोसा ठेवू नको. हाताची पाठ फिरव कापडावरून," कुसुम म्हणाली. "तळहात भांडे घासून घासून दगड झाला असते आपला. पाठ कोवळी राहते. धागा कमी असला तर पाठीले समजते."

करिष्माने डोळे मिटून हाताची पाठ फिरवली. तिसऱ्या चादरीला ती थांबली. "आत्या, इथं."

तिथे खरंच एक धागा नव्हता. कुसुमला त्या दिवशी इतका आनंद झाला की घरी जाऊन तिने नवऱ्याला, बाबारावांना, दोनदा सांगितलं.

कंपनीचे दोन भाग होते. एका भागात देशातला माल तयार व्हायचा, त्याला सगळे लोकल म्हणत. दुसऱ्या भागात अमेरिकेला जाणारा माल. तो हॉल काचेचा, थंडगार, तिथल्या बायकांना निळे ॲप्रन. लोकलच्या बायकांना करडे. २०२४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या ऑर्डरी वाढल्या आणि तिकडे एका चेकरची जागा निघाली. कुसुमला वाटलं, एवढ्या वर्षांनी आता आपला नंबर. एचआरच्या मिनल मॅडमनी करिष्माला बोलावलं.

"ताई, तिकडे कॉम्प्युटरवर एंट्री करावी लागते. बायरशी दोन शब्द बोलावे लागतात," मॅडम म्हणाल्या. त्यांनी हे चांगल्या शब्दांत सांगितलं म्हणून कुसुमला ते जास्तच लागलं.

तरी तिने करिष्माला पेढा भरवला. मनात काही कडू नव्हतं असं नाही, पण ते गिळता येण्याजोगं होतं.

गिळता आलं नाही ते दिवाळीच्या आधी घडलं. अमेरिकेहून खरेदीदार बाई आली. पन्नाशीची, आखूड पांढऱ्या केसांची. लोकलच्या टेबलावरून काचेपलीकडचं सगळं दिसत असे. कुसुमने पाहिलं, करिष्माने डोळे मिटले आणि चादरीवरून हाताची पाठ फिरवली. थांबली. बोट ठेवलं. त्या बाईने चष्मा लावून वाकून पाहिलं आणि मग करिष्माचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. उलटा करून, सुलटा करून पाहिला. फोटो निघाले. महिन्याभरात जेवणाच्या हॉलमध्ये भिंतीवर मोठा फोटो लागला आणि खाली लिहिलं होतं, 'करिष्मा मेथड'. नव्या मुलींना तशा नावाने ट्रेनिंगही द्यायला लागले.

कुसुमच्या टेबलावर आलेली एक नवीन मुलगी तिलाच म्हणाली, "ताई, तुम्हाले येते काय करिष्मा मेथड?"

त्या रात्री तिने बाबारावांना सांगितलं. ते म्हणाले, "तूच शिकवलं ना? मग चांगलंच झालं की. पोरगी आपल्या गावची."

"माझं नाव घेतलं असतं तर जीभ झडली असती काय तिची?"

"विचार ना तिले."

ती विचारणार नव्हती. विचारलं की आपल्याला लागलं आहे हे कळलं असतं. त्याऐवजी ती मोजत राहिली. मॅडमनी आज करिष्माला किती वेळा हाक मारली. करिष्माचे नवीन बूट. करिष्माचा फोन. करिष्मा पूर्वी डबा घेऊन तिच्याजवळ बसायची, आता आठवड्यातून दोनदाच बसते. आणि बसली की कुसुम अंग चोरून घ्यायची, मग ती कमी येते म्हणून पुन्हा चिडायची. पियूषच्या, आपल्या मुलाच्या, फोनवर ती लपून इंग्रजी वाक्यं ऐकायची. पुढच्या खेपेला ती बाई लोकलच्या दारापाशी आली तेव्हा कुसुम पुढे झाली आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग, मॅडम." बाईने हसून मान हलवली आणि करिष्मा कुठे आहे ते शोधत पुढे गेली.

रात्री झोपताना कुसुमच्या डोक्यात यायचं की अमेरिकेत कुठल्या तरी गावात कोणी तरी या चादरीवर झोपलं असेल, आणि त्या माणसालाही कदाचित करिष्माचं नाव माहीत असेल. हे खुळचट आहे हे तिला कळत होतं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सगळं उलटलं. अमेरिकेने आपल्याकडच्या मालावर आधी पंचवीस टक्के कर लावला, आणि सत्तावीस तारखेपासून अजून पंचवीस लागणार असं जाहीर झालं. मिनल मॅडमनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून समजावलं. "तिथल्या दुकानदाराला आपली चादर आता दीडपट पडेल. बांगलादेशच्या मालावर वीस टक्के, पाकिस्तानच्या मालावर एकोणीस. तो कशाला आपल्याकडून घेईल? जेवढा तयार माल आहे तेवढा सत्तावीसच्या आत जहाजावर चढला पाहिजे."

त्या भाषणात कुसुम मागे उभी होती. समोर निळ्या ॲप्रनमधल्या बायका एकमेकींकडे पाहत होत्या, आणि कुसुमला ते पाहत राहावंसं वाटत होतं. बरं वाटलं. खोटं कशाला बोला, बरंच वाटलं.

माल मुंबईला पोचायला वेळ लागतो म्हणून सगळं वीस तारखेच्या आत उरकायचं होतं. लोकलच्या बायकाही पाच दिवसांसाठी काचेच्या हॉलमध्ये नेल्या. कुसुम वीस वर्षांनी पहिल्यांदा त्या थंड हवेत उभी राहिली, करडं ॲप्रन घालून. टेबलाची प्रमुख करिष्मा होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी करिष्मा एक चादर हातावर घेऊन आली. "आत्या, हे तुमच्याकडून पास झालं. जरा परत पाहता?"

शेजारी चार जणी होत्या. कुसुमने चादर उजेडात धरली. काही दिसलं नाही. हाताची पाठ फिरवली. काठाजवळ बोटभर जागी वीण विरळ होती. तिच्याकडून सुटलं होतं.

"होते कधी कधी," करिष्मा हळू म्हणाली. "मी लावून घेते बाण."

ती खरंच हळू बोलली होती, दुसरी असती तर सगळ्यांना ऐकवलं असतं. पण कुसुमच्या कानांना ती कीव वाटली. कीव तिला सोसवली नाही. पुढचे दोन दिवस ती करिष्माशी एक शब्द बोलली नाही.

माल गेला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात काचेच्या हॉलमधली यंत्रं बंद झाली. बावीस चेकर होत्या तिथे. त्याच सुमारास लोकलला दवाखान्यांच्या चादरींची एक ऑर्डर आली, तेवढ्यापुरत्या चार जणी जास्त लागणार होत्या.

मिनल मॅडमनी कुसुमला केबिनमध्ये बसवलं. त्या थकलेल्या दिसत होत्या. "ताई, बावीसपैकी चारच ठेवता येतात. बाकीच्यांना थांबवावं लागणार. टेबल तुमचं आहे, तर नावं तुम्हीच सुचवा. मी सांगितलं तर उगाच वशिला म्हणतील."

कुसुमच्या हातात कागद आला. तिने तीन नावं लगेच लिहिली. एक विधवा होती, एकीचा नवरा अंथरुणाला खिळलेला, तिसरी सगळ्यात जुनी. तिन्ही नावं रास्त होती. चौथ्या नावापाशी पेन थांबलं.

"करिष्मा घ्यायची ना?" मॅडम म्हणाल्या. "हात चांगला आहे तिचा."

इथे ती हो म्हणाली असती तर एका शब्दाचं काम होतं. कुसुमला भिंतीवरचा फोटो आठवला, आणि काठाजवळची ती विरळ वीण.

"तिले लोकल माल नाही जमणार मॅडम," ती म्हणाली. "बारीक कामाची सवय झाली. अन् तसंही तिचं लग्न ठरून राहिलं आहे. गावाकडे बोलणी चालू आहेत. आज ना उद्या सोडनच ती."

"मला बोलली नाही ती."

"लाजते ना. पोरीची जात."

चौथं नाव कुसुमने दुसरं लिहिलं. कोणाचं लिहिलं ते तिला नंतर आठवायलाही वेळ लागला.

जायच्या दिवशी करिष्मा निळं ॲप्रन घडी करून देऊन आली आणि कुसुमच्या पाया पडली. "येते आत्या. काही निघालं तर सांगजा."

"सांगीन," कुसुम म्हणाली.

लग्नाची ती थाप महिनाभरात खरी व्हायला लागली. मारोतरावांचा फोन आला. "नोकरी गेली, आता मी मोकळा झालो. पाहून राहिलो पोरं. तुझ्या नजरेत असला तर सांगजो." कुसुमने बरं म्हणून फोन ठेवला आणि गॅसवरची भाजी लागेपर्यंत तशीच उभी राहिली.

तिला वाटलं होतं, करिष्मा नजरेआड झाली की हेवा संपेल. तसं झालं नाही. काचेचा हॉल रिकामा होता, वर ताडपत्री पांघरलेली यंत्रं, आणि तरी कुसुमची नजर काम करता करता तिकडेच जायची. दवाखान्याच्या जाड चादरींत चुका डोळ्यांनीच दिसत. हाताची पाठ लागतच नव्हती. आपल्याएवढं कापड कळणारं दुसरं माणूस इथे आता कोणी नाही, हे तिच्या ध्यानात आलं आणि ते तिला हवं होतं तसं अजिबात वाटलं नाही.

फेब्रुवारीत बातमी आली की अमेरिकेशी बोलणं झालं, कर पन्नासवरून अठरावर येणार. पंधरा दिवसांत त्या पांढऱ्या केसांच्या बाईचं पत्र आलं. नमुन्याची ऑर्डर, आधीच्या चौथाई. मिनल मॅडमनी जुन्या चेकरांना फोन लावले. कोणी भाजीचं दुकान टाकलं होतं, कोणी मिहानच्या औद्योगिक भागात कामाला लागली होती, कोणी नंबरच बदलला होता. करिष्माचा फोन बंद होता.

"ताई, तुमच्या गावची ना ती? लग्न झालं असेल तर राहू द्या. पण नसेल झालं तर घेऊनच या. बाईंनी तिचं नाव लिहिलं आहे पत्रात."

पुन्हा तिचंच नाव. तिकडे सात समुद्रापलीकडून. कुसुमला पुन्हा तोच हेवा वाटला, पण तिने रविवारी कुहीची बस धरली.

वाटेत तिने उत्तर तयार केलं होतं. मॅडमनी ठरवलं, माझ्या हातात काही नव्हतं. ते तिने तोंडातल्या तोंडात चार वेळा म्हणून पाहिलं.

करिष्मा अंगणात लाखोळीची डाळ पाखडत बसली होती. वाळली होती. आत्याला पाहून उठली, पाणी दिलं. मारोतराव शेताच्या धुऱ्यावर गेले होते. गुरुवारी लग्नाची सुपारी फुटणार होती, मुलगा उमरेडचा, खताच्या दुकानात होता. हे सगळं करिष्मानेच सांगितलं, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं.

कुसुमने मॅडमचा निरोप दिला. करिष्माने सूप खाली ठेवलं.

"आत्या, एक विचारू? सप्टेंबरात चार जणी घेतल्या लोकलले. त्यात मी काहून नव्हते?"

कुसुमने तयार केलेलं उत्तर ओठांवर आणलं. करिष्माच पुढे बोलली.

"मले वाटलं माझं काम खराब होतं. पाच महिने मी तो एकेक लॉट आठवून राहिली. कुठं सुटलं असन. त्या शेवटच्या आठवड्यात घाई होती, तेव्हा काही चुकलं असन. झोपेत हात फिरवते म्हणते माय."

मॅडमनी ठरवलं, हे आता म्हणता येईना. दुसरं काहीही खोटं चाललं असतं. पण त्या कामाबद्दल खोटं कुसुमला बोलवेना.

"तुझं काम खराब नव्हतं," ती म्हणाली. "तुझ्याएवढं चांगलं काम मी वीस वर्षांत पाहिलं नाही. यादी मी केली होती. मॅडम तुझं नाव सांगून राहिल्या होत्या. मीच नाही म्हटलं. तुझं लग्न ठरून राहिलं म्हणून सांगितलं."

शेजारच्या आवारात कोणी तरी बैलाला हाकत होतं.

"काहून?"

"जळली मी तुझ्यावर. त्या बाईसमोर तू हात फिरवला अन् माझं नाव घेतलं नाही. तेव्हापासून."

करिष्माने खाली पाहिलं. म्हणाली, "मॅडमनं विचारलं होतं मले, कोणी शिकवलं म्हणून. मी म्हटलं, आपोआप आलं. तुमचं नाव सांगितलं असतं तर तुम्हाले तिकडे नेलं असतं अन् मले परत पाठवलं असतं. एकच जागा होती आत्या. मले भीती वाटली. हे मी चूक केलं." मग तिने मान वर केली. "पण मी तुमची नोकरी नाही खाल्ली."

"नाही."

"अन् इथं काय चालू आहे ते तुम्हाले माहीत होतं. बाबांनी तुम्हाले फोन केला होता."

"हो."

करिष्मा उठली, घरात गेली आणि बाहेर आली नाही. कुसुम अर्धा तास तिथे बसून राहिली. मारोतराव आले तेव्हा ती म्हणाली, कंपनी बोलावते आहे, मुलीला ठरवू द्या. चहा न घेताच ती निघाली. मारोतरावांना त्याचा राग आला असावा.

सोमवारी कामाला लागायच्या आधी ती मिनल मॅडमच्या केबिनमध्ये गेली आणि लग्नाची गोष्ट खोटी होती हे सांगितलं. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही मला का सांगता आहात आता?"

"ती परत आली तर नवीन म्हणून घेऊ नका. तिची सर्विस तुटू देऊ नका. चूक माझी होती."

सर्विस तुटली नाही, तेवढं मॅडमनी वरपर्यंत भांडून मिळवलं. कुसुमकडून लोकलच्या टेबलाची जबाबदारी काढून घेतली, लेखी ताकीदही दिली. कुसुमने सही केली. तिला वाटलं होतं की सही केल्यावर हलकं वाटेल. फारसं वाटलं नाही. सही करतानाही मनात हेच होतं की त्या पोरीसाठी मॅडम एवढ्या भांडल्या, माझ्यासाठी कोण भांडलं असतं.

करिष्माने चौथ्या दिवशी फोन केला, तो मॅडमना. उमरेडच्या लोकांना तिने एक वर्ष थांबा म्हटलं. ते थांबले नाहीत. मारोतराव तीन आठवडे मुलीशी बोलले नाहीत, मग एक दिवस स्वतःच तांदळाची गोणी तिच्या खोलीवर पोचवून आले.

मार्चमध्ये काचेच्या हॉलमधली तीनपैकी एक लाइन सुरू झाली. बावीसपैकी नऊ जणी परतल्या. कर उतरला तरी पूर्वीसारखं नाहीच, आणि हेही किती दिवस टिकेल ते कोणी सांगू शकत नव्हतं. मॅडम रोज सकाळी आधी फोनवर बातम्या पाहत आणि मग हजेरी घेत. करिष्मा लाइनची प्रमुख झाली. राहायला ती आता नंदनवनात आली होती, एका मैत्रिणीबरोबर, म्हणून कंपनीच्या त्याच बसमध्ये असायची.

कुसुमला ती भेटली की नीट बोलायची. "कुसुमताई, जेवल्या काय?" कामाचं असेल तर कामाचं विचारायची. आत्या म्हणत नव्हती. बाकीच्या म्हणतात तसं कुसुमताई. त्यात कुठे राग दिसत नव्हता. राग दिसला असता तर कुसुमला काही बोलता तरी आलं असतं.

एप्रिलच्या एका सकाळी बसमध्ये करिष्माच्या शेजारी एक नवी मुलगी बसली होती, कालच लागलेली, वर्ध्याकडची. कुसुम दोन सीट मागे होती. करिष्मा त्या मुलीचा हात हातात घेऊन, उलटा करून, त्याच्या पाठीबद्दल काही तरी समजावत होती. मुलगी हसत होती, मधूनच करिष्माच्या खांद्याला टेकत होती. बस वर्धा रोडला लागली. कुसुम खिडकीबाहेर पाहायचा प्रयत्न करत होती, पण नजर पुढे जात होती, आणि आता तिला करिष्माचा नाही, त्या नव्या मुलीचा हेवा वाटत होता.